कारण : ताप
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या पुतण्याला जातीचा दाखला हवा होता. आम्ही पिंजारी. इतर मागासवर्गात मोडतो. पण त्यासाठी १९६७ पूर्वीचा कागद लागतो आणि ज्यांच्या घरात तीन पिढ्यांमागे कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं, त्यांनी तो आणायचा कुठून? २०२३च्या हिवाळ्यात कुणबी नोंदी शोधण्यासाठी तहसील कचेऱ्यांमधली जुनी दप्तरं फडक्यांतून बाहेर निघाली होती. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला होता. अशाच एका मोडी जाणणाऱ्या स्नेह्याला बरोबर घेऊन मीही तालुक्याला गेलो. शोधायचा होता आमच्या आजोबांचा जन्म. साधारण १९१५ सालचा.

कोतवाल बुक म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची वही. कुणाकडे पाळणा हलला, कुणाकडे माणूस गेलं याची खबर कोतवालानं आणायची आणि पाटलाच्या दप्तरी ती चढायची. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, जात, वय, मरणाचं कारण. बोरूनं लिहिलेली मोडी, शाई तपकिरी पडलेली, कडा वाळवीनं कुरतडलेल्या. माझे स्नेही एकेका ओळीवरून बोट फिरवत होते. आजोबांचा जन्म सापडेना म्हणून ते पुढची पानं चाळत गेले आणि एका ठिकाणी थांबले. १९१८चा ऑक्टोबर. एरवी अख्ख्या महिन्यात गावात तीन-चार मरणं लिहिलेली. इथं पानंच्या पानं भरलेली. कारणाच्या रकान्यात एकच शब्द : ताप. ताप. ताप. पुढं लिहिणाराही थकला असावा. त्यानं खाली नुसतं ‘सदर’, ‘सदर’ असं लिहीत नेलं आहे.

“हे पान वाचायचं नाही, मोजायचं आहे,” स्नेही म्हणाले.

मी वयाच्या रकान्यावर बोट ठेवलं. बावीस. अठ्ठावीस. एकोणीस. पस्तीस. पंचवीस. साठीच्या पुढचा आकडा त्या पानांवर अगदी क्वचित. माझ्या डोळ्यांसमोर मात्र दुसराच एक ताप होता, अवघ्या अडीच वर्षांपूर्वीचा, आणि त्या तापातली वयं बरोबर उलटी होती. आज बोलायचं आहे ते या दोन तापांविषयी. आपल्या जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. मी जुन्या सवयीनं नगर म्हणेन, श्रोत्यांनी सांभाळून घ्यावं.

१९१८ची ती साथ म्हणजे इन्फ्लुएंझा. जुनी माणसं तिला ‘मानमोडी’ म्हणत. ताप चढला की अंग असं मोडून यायचं की मान धरवत नसे, म्हणून मानमोडी. ती आली मुंबईच्या बंदरातून. पहिलं महायुद्ध अजून संपलं नव्हतं, फौजा भरून जहाजं येत-जात होती. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीत पहाऱ्यावर असलेले पोलीस शिपाई तापानं आजारी पडले. पहिला फेरा तसा सौम्य गेला. दुसरा सप्टेंबरात आला, आणि तो काळ होऊन आला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी एकट्या मुंबई शहरात ७६८ माणसं मेल्याची नोंद आहे. मग साथ आगगाडीत बसली. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ पासून नगरवरून जातो. शिवाय नगर म्हणजे लष्कराचं ठाणं. मुंबईतून पळालेला गिरणी कामगार, सुटीवर आलेला शिपाई, बाजाराला गेलेला व्यापारी, ज्याला त्याला आपलं गाव गाठायचं होतं.

आणि गावात काय होतं? त्या साली पावसानं दगा दिला होता. नगर जिल्हा आधीच पर्जन्यछायेतला. खरीप करपलं, ज्वारी महागली. लढाईमुळं धान्य, कापड, रॉकेल सगळंच आधीपासून चढलेलं. भुकेल्या माणसाच्या छातीत हा ताप शिरला. जनगणनेचे आकडे बघा. १९११ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेनऊ लाख होती. १९२१ मध्ये ती सव्वासात लाखांच्या आसपास भरली. दहा वर्षांत दोन लाखांहून अधिक माणसं कमी! सगळी काही तापानं गेली नाहीत. १९२०-२१ मध्येही टंचाई होती आणि पोटामागं गाव सोडलेले पुष्कळ. पण मुंबई इलाख्यात या साथीनं दहा लाखांवर माणसं गेली आणि नगरसारख्या दुष्काळी दख्खनी जिल्ह्यांना तिचा फार मोठा फटका बसला, यात शंका नाही. हिंदुस्थानभरचे अंदाज एक कोटी वीस लाखांपासून पावणेदोन कोटींपर्यंत जातात. अंदाज म्हणायचं कारण हेच, की नोंदवणारेच आजारी पडले होते. पाटील अंथरुणाला खिळला, कोतवाल गेला, तर खबर कोण आणणार? आणि जी लिहिली गेली तीही ‘ताप’ या एका मोठ्या पोत्यात. हिवताप, विषमज्वर, मानमोडी, सगळं एकाच पोत्यात.

एक योग सांगतो. त्या वर्षी दसरा आणि मोहरम एकाच आठवड्यात आले होते. नगरच्या माणसाला मोहरम म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. थोरल्या-धाकट्या इमामांच्या सवाऱ्या, कोठल्यावरची गर्दी, कत्तलची रात्र. तीत हिंदू कोण, मुसलमान कोण हे अंधारात कळत नाही आणि कुणी विचारतही नाही. एका हातात सोनं, दुसऱ्या हातात ऊद अशा त्या आठवड्यात घरोघरी अंथरुणं पडलेली होती. त्याच दसऱ्याला, १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, आपल्याच जिल्ह्यात शिर्डीला साईबाबांनी देह ठेवला. त्याआधी त्यांना थोडा ताप येऊन गेला होता असं त्यांच्या चरित्रात आहे. त्याचा साथीशी संबंध जोडायला मी धजणार नाही. पण शिर्डीत बाबांसाठी रडणाऱ्या कित्येकांच्या घरी त्या महिन्यात दुसरंही रडणं असणार, एवढं मात्र मनात येतं.

आता वयाची गोष्ट. सर्दी-तापाची साथ एरवी तान्ह्यांना आणि म्हाताऱ्यांना नेते. मानमोडीनं उलटं केलं. वीस ते चाळीस या वयातली, कामाधामाची माणसं तिनं वेचून नेली, आणि त्यातही बायका अधिक. बायका का? एक तर घरात सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत कमी जेवणारी तीच. दुसरं म्हणजे आजाऱ्याच्या उशाशी बसणारीही तीच. गरोदर बाईला तर हा ताप फारच वाईट. तरण्याताठ्यांचं काय झालं याबद्दल वैद्यकातली मंडळी दोन गोष्टी सांगतात. एक अशी, की जोमदार शरीरानं विषाणूशी इतकी आंधळी झुंज घेतली की त्या झुंजीत स्वतःचीच फुप्फुसं उद्ध्वस्त झाली, आणि मग न्यूमोनियाच्या जंतूंना मोकळं रान मिळालं. दुसरी अशी, की म्हाताऱ्यांना त्यांच्या लहानपणी याच जातकुळीचा एखादा विषाणू भेटून गेला असावा आणि त्याची ओळख शरीरानं जपून ठेवली असावी. खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही. तेव्हा तर विषाणू म्हणजे काय हेही धड ठाऊक नव्हतं. माणसातला इन्फ्लुएंझाचा विषाणू हाती लागला १९३३ मध्ये. औषध म्हणून पेनिसिलिन हाती आलं ते त्याच्याही नंतर. १९१८च्या डॉक्टरकडं कोयनेल, ॲस्पिरिन आणि धीर, एवढंच होतं.

मग मागं राहिलं कोण? म्हातारी माणसं आणि पोरं.

आमच्या आजोबांना आम्ही दादामियाँ म्हणत असू. ते तीन वर्षांचे होते. आधी त्यांचे वडील गेले, चौथ्या दिवशी आई. ती आपल्या नवऱ्याच्या मय्यतीच्या वेळी शुद्धीवर नव्हती, त्यामुळं तो गेल्याचं तिला कळलंच नाही, असं दादामियाँ सांगत. ते हे एखादी बरी बातमी सांगावी तसं सांगायचे. घरात उरली त्यांची आजी, आम्ही तिला बडीमाँ म्हणतो. वय साठीच्या आसपास असावं, नेमकं तिलाही माहीत नव्हतं. दोन नातवंडं, एक दुभती शेळी आणि भिंतीवर टांगलेली धनुकली. पिंजाऱ्याची धनुकली म्हणजे पुरुषभर उंचीचं लाकूड आणि त्यावर ताणलेली तात. बाईमाणसानं ती खांद्यावर घेऊन गावोगाव फिरायची रीत नव्हती. बडीमाँनं ती घेतली. शेवगाव तालुक्यातल्या दहा-बारा खेड्यांत ती गाद्या-रजया पिंजत हिंडली. नगरकडची थंडी मोठी असते आणि रजई पिंजणारे पुष्कळ पुरुष त्या साली गेले होते, त्यामुळं कुणी नावं ठेवली नाहीत, असं दादामियाँ सांगायचे. मजुरी म्हणून पसाभर ज्वारी मिळायची. पोरांना शेळीचं दूध आणि ज्वारीची पेज. ती स्वतः काय खायची हे दादामियाँना कधी सांगता आलं नाही.

अशा बडीमाँ त्या वेळी किती गावांत होत्या? याचा हिशेब कुठल्याही दप्तरात नाही. पण साधा तर्क करून बघा. जिल्ह्यातल्या तरुण आई-बापांचा एवढा मोठा हिस्सा सहा-आठ आठवड्यांत नाहीसा झाला, तरी १९३१ उजाडेपर्यंत पोरं मोठी होऊन नांगराला लागली, गिरणीत गेली, लग्नं करून बसली. ती काय वाऱ्यावर वाढली? ज्यांची हाडं थकली होती अशा आज्यांनी आणि आजोबांनी पुन्हा एकदा पाळणा हलवला. आजच्या नगर जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांची मुळं शोधत गेलं तर ती कुणातरी म्हातारीपाशी जाऊन थांबतील. माझी तर नक्कीच थांबतात.

आता दुसरा ताप. जागतिक आरोग्य संघटनेनं ११ मार्च २०२० रोजी कोविडची महासाथ जाहीर केली आणि त्याच आठवड्यात नगरमध्ये पहिला रुग्ण सापडला. पुढचं सगळं तुम्ही सोसलेलं आहे, ते मी काय सांगू! त्या साली गणपती आणि मोहरम पुन्हा एकदा जोडीनं आले होते, आणि दोघांच्याही मिरवणुका निघाल्या नाहीत. नगरच्या रस्त्यांवर सवारीच्या रात्री कुत्री भुंकत होती. जिल्ह्याचा सरकारी हिशेब सुमारे पावणेचार लाख रुग्ण आणि सात हजारांवर मृत्यू असा आहे. या वेळी मात्र रकान्यातली वयं उलटली होती. देशात साठीपुढची माणसं दहांत एक, पण कोविडच्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक त्यांचे.

असं का, तर छाती म्हणजे लोहाराचा भाता समजा. वय वाढतं तसं भात्याचं कातडं ताठर होतं. फासळ्या हलायला कुरकुरतात, खोकण्याचं बळ कमी होतं, आत शिरलेलं बाहेर टाकता येत नाही. शरीरातले शिपाईही म्हातारे होतात. शत्रू ओळखायला वेळ लावतात आणि उशिरा ओळखला की घाबरून सगळीकडं गोळीबार करतात. त्यातच मधुमेह, रक्तदाब आलेला असतो. फुप्फुसाच्या टोकाशी द्राक्षाच्या घोसासारखे जे वायुकोश असतात त्यांत पाणी धरतं. प्राणवायू रक्तात उतरत नाही. आणि या आजाराची खोड अशी, की पुष्कळदा माणसाला धाप लागल्याचं जाणवतच नाही. तो बोलत असतो, चहा मागत असतो, आणि आत प्राणवायू उतरत असतो. म्हाताऱ्या माणसाला तर कधी कधी तापही येत नाही. जेवण सुटतं, झोप फार येते, किंवा तो काहीतरी असंबद्ध बोलायला लागतो. मेंदूला प्राणवायू कमी पडल्याची ती हाक असते.

हे मला आता माहीत आहे. एप्रिल २०२१ मध्ये माहीत नव्हतं.

रमजान चालू होता. माझे अब्बा एक्याऐंशी वर्षांचे. तरुणपणी त्यांनीही पिंजणकाम केलेलं, त्यामुळं कापसाची धूळ छातीत बसून बारमाही खोकला होताच. साठीपुढच्यांना १ मार्चपासून लस मिळत होती. मीच ‘गर्दीत कुठं न्यायचं, रांग ओसरू द्या’ म्हणत राहिलो. एका संध्याकाळी इफ्तारच्या वेळी त्यांनी मला माझ्या मरहूम थोरल्या भावाच्या नावानं हाक मारली. दुसऱ्या दिवशी विचारलं, “धनुकली उतरवली का?” ती उतरवून, विकून चाळीस वर्षं झाली होती. ताप नाही, नवा खोकला नाही. आम्ही एकमेकांकडं पाहिलं आणि मी अम्मीला म्हणालो, “वय झालं आता.”

दोन दिवस आम्ही ते वयावर घातलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुलानं ऑक्सिमीटर आणून त्यांच्या बोटाला लावला. चौऱ्याण्णवच्या खाली आलं की दवाखाना गाठा असं तेव्हा सांगत. आकडा चौऱ्याऐंशी होता. मला वाटलं, यंत्र बिघडलंय. मी ते माझ्या बोटाला लावून बघितलं.

त्या दिवसांतली खाटांची शोधाशोध, सिलिंडर, रेमडेसिविरच्या चिठ्ठ्या, मध्यरात्रीचे फोन हे पुष्कळांनी लिहून ठेवलं आहे. मी एवढंच सांगतो, की खाट मिळाली, प्राणवायू मिळाला, डेक्सामेथासोनही मिळालं. हे जुनं, स्वस्त औषध प्राणवायूवरच्या रुग्णांचे जीव वाचवतं हे जून २०२०मध्येच सिद्ध झालं होतं. पालथं झोपवलं की फुप्फुसाचा पाठीकडचा भाग उघडतो, म्हणून नर्सबाई त्यांना पालथं झोपवायच्या, आणि ते पुन्हा उताणे व्हायचे. नमाजीला जमिनीकडं तोंड करायची सवय असते, तसे पडून राहा अब्बा, असा निरोप मी चिठ्ठीवर लिहून आत पाठवला होता. तो त्यांना कुणी वाचून दाखवला की नाही, कोण जाणे. नवव्या दिवशी ते गेले. गुसल देता आला नाही. पिशवीवरूनच कफन घातलं. कब्रस्तानात आम्ही मोजकी माणसं, त्यांतली दोन अनोळखी तरुण पोरं. ती दिवसभर हेच काम करत होती आणि रोज्यानं होती. तिकडं नालेगावच्या अमरधाममध्येही चिता विझत नव्हत्या.

नंतर फोन येत राहिले. प्रत्येकजण प्रेमानंच बोलला. आणि जवळजवळ प्रत्येकानं तेच एक वाक्य सांत्वनाला वापरलं : “चला, वय झालं होतं.”

मी ऐकून घेतलं. ते वाक्य पहिल्यांदा मीच म्हटलं होतं ना.

वय हे कारण नव्हे. कोतवालानं लिहिलेल्या ‘ताप’ या शब्दाचंच ते नवं रूप आहे. एक शब्द टाकला की पुढचं विचारायला नको. कुणाला कधी त्रास सुरू झाला, कुणी वेळेवर बोट यंत्रात घातलं नाही, लस का राहिली, खाट किती तासांनी मिळाली, यातलं काहीच मग विचारावं लागत नाही. आमच्या मोहल्ल्यात तर आणखी एक पदर होता. २०२० मध्ये तबलिगी जमातीवरून जे वातावरण पेटलं, त्यात नगर जिल्ह्यातही परदेशी जमातींवर गुन्हे दाखल झाले. २१ ऑगस्ट २०२० रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं एकोणतीस परदेशी नागरिकांवरचे ते गुन्हे रद्द केले आणि कडक शब्दांत सुनावलंही. पण मधल्या महिन्यांत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तपासणीला गेलो तर नाव पेपरात येईल, या भीतीनं कितीतरी म्हाताऱ्यांनी खोकला रुमालात दाबून ठेवला. त्यांच्यातला एखादा गेला की तिथंही तेच : वय झालं होतं.

वय हेच कारण असतं तर गावोगावचं चित्र सारखं दिसायला हवं होतं. तसं नव्हतं. हिवरे बाजारमध्येही म्हातारी माणसं होती. तिथं पोपटराव पवारांनी आणि गावकऱ्यांनी घरोघरी जाऊन तपासणी केली, लक्षण दिसलं की लगेच वेगळं ठेवलं, औषधपाणी केलं. मे २०२१ मध्ये, दुसरी लाट ऐन भरात असताना, ते गाव कोरोनामुक्त झालं. पारनेर तालुक्यात भाळवणीला तेव्हाचे आमदार नीलेश लंके यांनी अकराशे खाटांचं केंद्र उभं केलं आणि स्वतः तिथंच मुक्काम ठोकला. राजकारणाचं ज्यानं त्यानं बघावं, मला त्यात पडायचं नाही. मंडपात एखाद्या खेड्यातली म्हातारी एकटी नव्हती, तिच्याशी कुणीतरी बोलत होतं, हे मात्र मोठं काम होतं. एकटं पडलेलं म्हातारं माणूस लवकर खचतं. यासाठी डॉक्टर लागत नाही.

आणि याच जिल्ह्यात ६ नोव्हेंबर २०२१ हा दिवसही आहे. भाऊबीज होती. साथ ओसरली होती, बाजारात गर्दी होती. सकाळी अकराच्या सुमाराला जिल्हा रुग्णालयातल्या कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. आत सतरा रुग्ण होते. त्यांतले अकरा त्या दिवशी गेले. बहुतेक उतारवयाचे, कुणी प्राणवायूवर, कुणी व्हेंटिलेटरवर. उठून पळणं ज्यांना शक्यच नव्हतं असे. ओवाळायला निघालेल्या बहिणी रुग्णालयाच्या फाटकाशी उभ्या होत्या. चौकश्या झाल्या, कारवाया झाल्या. मी तेव्हा एका दुकानात उभा होतो. बातमी टीव्हीवर चालू होती. शेजारचा गृहस्थ हळहळला आणि म्हणाला, “बिचारी म्हातारी माणसं होती सगळी.” त्यात वाईट काही नव्हतं. मी मात्र सामान तिथंच ठेवून बाहेर पडलो.

अब्बांच्या मृत्यूचा दाखला आला तेव्हा मी त्यावर कारण शोधलं. तिथं तो रकानाच नाही. आपल्या १९६९च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यानुसार लोकांना जो दाखला मिळतो त्यावर मरणाचं कारण छापायचं नसतं. पुढं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं कोविडनं गेलेल्यांच्या वारसांना पन्नास हजार रुपयांची मदत जाहीर झाली, तेव्हा कारण सिद्ध करायची वेळ आली. अम्मीनं गादीखालून तपासणीचा अहवाल काढून दिला. ती अक्षरओळख नसलेली बाई. पण त्या नऊ दिवसांतला प्रत्येक कागद तिनं एका जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून ठेवला होता. चिठ्ठ्या, बिलं, स्कॅनची फिल्म, सगळं. त्यात माझी ती पालथं झोपायची चिठ्ठीही होती. मळलेली, दुमडून पुन्हा उघडलेली. म्हणजे ती आत पोचली होती. कुणीतरी ती वाचून दाखवली असेल, आणि अब्बांच्या सामानाबरोबर परत दिली असेल.

तहसील कचेरीतल्या त्या दिवसाचं राहिलं. आजोबांचा जन्म शेवटी सापडला, दुसऱ्या वहीत. जात : पिंजारी. पुतण्याचं काम झालं. मी कारकुनाला म्हणालो, याच्याबरोबर त्या १९१८च्या पानाचीही नक्कल द्या. स्नेह्यांनी तोवर आमच्या दोन ओळी शोधून काढल्या होत्या. चार दिवसांच्या अंतरानं, एक तीस वर्षांची आणि एक तेवीस.

कारकून भला माणूस होता. चष्म्यावरून बघत म्हणाला, “चाचा, दाखल्याला जन्माची नोंद लागते. मरणाची कशाला घेताय?”

म्हटलं, “फी किती होते तेवढं सांगा.”